बशी वाजवून घ्या!

वीकएण्डला अलिबागला गेलेली मंडळी परत येताना काय काय आणतात? पांढऱ्या कांद्यांची वेणी, पावशेर सोडे, वालाची पिशवी. हे झालं पूर्वापार. हल्ली या यादीत एका नव्या पाहुण्याची भर पडली आहे. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, मांडीवर बाळासारखी जपून धरलेली आणि ‘खरी अँटिक आहे हं!’ अशी ओळख करून दिली जाणारी चिनी मातीची बशी. मांडव्याहून सुटणाऱ्या बोटीत जरा आजूबाजूला बघा. एखादी तरी दिसेलच.

कारण उघड आहे. फ्लॅट नवा, डायनिंग टेबल नवं, हप्ते चालू. मॉलमधला पांढराशुभ्र डिनर सेट सगळ्या मित्रमंडळींकडे अगदी सारखाच. मग आपल्या टेबलावर काहीतरी वेगळं हवं, ज्याला थोडं वय आहे, थोडी गोष्ट आहे असं. कल्पना झकास आहे. गेल्या काही महिन्यांत माझ्या ऑफिसातल्या तिघांनी मला दुकानात उभं राहून फोटो पाठवलेत आणि खाली एकच प्रश्न, ‘घेऊ का?’

तर मंडळी, आज त्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर. आधीच सांगते, माझा नियम फार साधा आहे. ज्या बशीत जेवायची आपली हिंमत होणार नाही, ती आपल्यासाठी नाही. ती म्युझियमसाठी. आपल्याला टेबल मांडायचंय, शोकेस नाही.

चौलच्या बंदरातला माल

‘चिनी बशी आणि कोकण, यांचा काय संबंध?’ असं कुणी विचारलं तर त्याला रेवदंड्याच्या अलीकडे चौलला घेऊन जा. आज तिथे नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, रामेश्वराचं देऊळ आहे आणि दुपारची गाढ शांतता आहे. पण अष्टागरातलं हे गाव म्हणजे एकेकाळचं मोठं आंतरराष्ट्रीय बंदर. ग्रीक लेखकांनी त्याला सिमुल्ला म्हटलं, अरबांनी सैमूर. दहाव्या शतकात अल-मसूदी हा अरब प्रवासी इथे येऊन गेला, तेव्हा परदेशी व्यापाऱ्यांची मोठी वस्ती इथे होती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी चौलला उत्खनन केलं, तेव्हा पश्चिम आशियातल्या झिलईदार भांड्यांच्या तुकड्यांबरोबर चिनी मातीचे तुकडेही सापडले.

पुढे पोर्तुगीज आले. १५२१ साली त्यांनी रेवदंड्याला किल्ला बांधायला घेतला आणि १७४० साली तो मराठ्यांच्या हाती येईपर्यंत ते तिथे राहिले. याच पोर्तुगीजांनी १५५७च्या सुमारास चीनच्या किनाऱ्यावर मकावला बस्तान बसवलं. निळ्या नक्षीच्या पांढऱ्या बश्या त्यांच्या जहाजांतून पश्चिमेकडे निघाल्या. त्यांच्या ‘कॅरॅक’ जातीच्या जहाजांवरूनच एका प्रकारच्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांना ‘क्राक’ हे नाव पडलं असं मानतात. काठावर कप्पे पाडलेले आणि प्रत्येक कप्प्यात फूल किंवा फळ, ही त्यांची खूण.

यातली आपल्या कामाची गोष्ट अशी, की हा सगळा माल जेवणासाठी होता. तो नवलाईचा होता, महागही होता, पण ताट, वाडगा, बरणी म्हणूनच तो आला. १७५२ साली चीनहून निघालेलं ‘गेल्डरमाल्सेन’ हे डच जहाज बुडालं. १९८०च्या दशकात त्यातला माल वर काढला तेव्हा दीड लाखाच्या आसपास भांडी निघाली! चहाच्या पेट्यांच्या खाली, जहाजाला वजन म्हणून रचलेली. म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वीही ही भांडी लाखांनी बनत होती. त्यामुळे दुकानदार ‘मॅडम, दोनशे वर्षं जुनी आहे’ म्हणाला, की लगेच पाकीट काढू नका. जुनं म्हणजे दुर्मीळ, असं गणित नाही.

अँटिक, व्हिंटेज आणि कायदा

हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने फेकत असतो. कायदा तसं करत नाही. भारतात १९७२चा पुरावशेष कायदा आहे. त्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलावस्तू पुरावशेष ठरते. तिचा व्यापार करायचा तर विक्रेत्याकडे परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे अमेरिकेतल्या बहिणीला लग्नात द्यायला आजीची कँटनची बशी बॅगेत टाकलीत, तर विमानतळावर भलताच प्रसंग ओढवेल.

शंभर वर्षांच्या आतलं, पण एखाद-दोन पिढ्या वापरून झालेलं, ते व्हिंटेज. १९५० ते १९८० या काळातला चिनी माल यात येतो. नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी हाच खरा मुलूख. किंमत आवाक्यात, तुटलं तर हळहळ वाटते पण हार्ट अटॅक येत नाही.

आणि एक विनंती. चौल-रेवदंड्याला फिरताना मातीत निळ्या नक्षीचा एखादा तुकडा चमकताना दिसू शकतो. फोटो काढा, तिथेच ठेवा. संशोधकाला तो कुठे, किती खोल, कशाच्या शेजारी सापडला यावरून त्याची गोष्ट कळते. तुमच्या खिशात गेला की तो नुसता तुकडा. त्यातून १८७८चा एक कायदा अजूनही सांगतो, की जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची ठेव सापडली, तर कलेक्टरला कळवलंच पाहिजे. दहा रुपये! आजच्या कटिंगचा भाव.

हे चिनी, ते ‘चिनी’

आपल्याकडे चकचकीत दिसणाऱ्या प्रत्येक भांड्याला ‘चिनी मातीचं’ म्हणायची पद्धत आहे. त्यामुळे दुकानात चार वेगवेगळी घराणी एकाच फळीवर सुखाने नांदत असतात. ओळख करून घेऊ.

पहिली, आपली लाडकी लोणच्याची बरणी. वर तपकिरी, खाली पांढरट. हिला ‘अँटिक चायनीज जार’ म्हणून विकायला ठेवलेली मी पाहिली आहे. ही चीनची नाही आणि पोर्सिलीनही नाही. हे जाड, टणक दगडी मातीचं भांडं. आपल्या देशातल्या कारखान्यांनी अशा बरण्या भरभरून बनवल्या. जरूर घ्या, फक्त बरणीच्या भावात घ्या. तसं चिनी बरण्यांचं खानदानही मोठं आहे. ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदरातून मोठाल्या बरण्या जगभर जात, त्यात चिनी मालही असे. हिंदीत बरणीला आजही मर्तबान म्हणतात.

दुसरी, निळ्या झाडांची, पुलावरून जाणाऱ्या तीन माणसांची आणि वर उडणाऱ्या दोन पक्ष्यांची बशी. ‘विलो पॅटर्न’. चित्र चिनी, जन्म मात्र इंग्लंडचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कारखानदारांनी चिनी नक्षीची नक्कल करून ती छापायला सुरुवात केली.

तिसरी, बोन चायना. हीसुद्धा इंग्रजांचीच युक्ती. नावातच सगळं आलं. हिच्यात जनावरांच्या हाडांची राख मिसळलेली असते. घरी कडक शाकाहारी सासू-सासरे असतील तर ही माहिती खरेदीच्या आधी असलेली बरी! अस्सल चिनी पोर्सिलीनला हाडांची राख लागत नाही.

आणि चौथी, आपली नायिका. काओलिन नावाची पांढरी माती आणि एक विशिष्ट दगड कुटून केलेलं पीठ, यांचं मिश्रण साधारण तेराशे अंश सेल्सिअसला भाजलं की पोर्सिलीन तयार होतं. चीनमधलं जिंगदेझेन हे शहर शतकानुशतकं याची राजधानी. युरोपला हे कोडं सुटायला अठरावं शतक उजाडावं लागलं.

पाच मिनिटांची परीक्षा

दोन पैशांचं मडकंसुद्धा आपण वाजवून घेतो, मग हजारोंची बशी न वाजवता का घ्यायची? तळहातावर तोलून धरा आणि काठावर नखाने हलकी टिचकी मारा. अस्सल, अखंड पोर्सिलीन घंटेसारखं लांब, स्वच्छ वाजतं. बद्द आवाज आला, तर कुठेतरी तडा आहे, जोड आहे किंवा मुळात ते पोर्सिलीनच नाही.

मग मोबाइलचा टॉर्च मागून धरा. पातळ पोर्सिलीनमधून उजेड आरपार झिरपतो आणि आपल्या बोटांची सावली दिसते. याच उजेडात केसासारख्या बारीक चिराही उघड्या पडतात. चीर असलेली बशी भिंतीवर लावायला ठीक, जेवायला नको. तिच्यात पाणी, तेल आणि जंतू सगळेच मुक्कामाला येतात.

तिसरी पायरी, बशी उलटी करा. जाणकार माणूस बशी नेहमी मागून बघतो. तळाची जी गोल कडा टेबलाला टेकते, तिला झिलई नसते. खरोखर वापरलेल्या बशीची ही कडा ठिकठिकाणी कमीजास्त झिजलेली, गुळगुळीत झालेली असते. सगळीकडे एकसारखा तपकिरी रंग दिसला, तर तो काळाने नाही, चहाच्या पाण्याने किंवा ऍसिडने चढवलेला असू शकतो. समोरच्या बाजूला चमच्यांचे बारीक, वेड्यावाकड्या दिशांचे ओरखडे असतील तर उलट आनंद माना. कुणीतरी यात जेवलंय.

चौथी पायरी, नक्षीकडे भिंगातून बघा. हाताने काढलेल्या रेघेत ब्रश जिथे थांबला तिथे निळा रंग गडद साचलेला दिसतो, जिथे उचलला तिथे फिका. छापील नक्षीत बारीक ठिपके दिसतात किंवा चित्राची दोन टोकं एका जागी नीट जुळत नाहीत. छापील म्हणजे टाकाऊ असं नाही. पण हाताच्या कामाची किंमत छापील मालाला मोजू नका.

पाचवी पायरी, शिक्का. इथे भले भले फसतात. तळाला चार किंवा सहा चिनी अक्षरं असली, की विक्रेता एखाद्या सम्राटाचं नाव घेतो. गंमत अशी, की जुन्या सम्राटांच्या नावाचे शिक्के पुढच्या पिढ्यांतले कारागीर आदरापोटीही मारत आणि विक्रीसाठीही. त्यामुळे शिक्का हा जन्मदाखला नाही. इंग्रजी अक्षरं मात्र उपयोगी पडतात. १८९१ पासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव लिहिणं सक्तीचं झालं, म्हणून इंग्रजीत ‘चायना’ लिहिलेली बशी बहुधा त्यानंतरची. ‘मेड इन चायना’ असेल तर बहुतेक विसाव्या शतकातली. त्या तीन शब्दांखाली ‘सतरावं शतक’ सांगणाऱ्या विक्रेत्याला नमस्कार करून बाहेर पडा.

शक्य असेल तर नोटा तपासायचा छोटा यूव्ही टॉर्च बरोबर ठेवा. अंधाऱ्या कोपऱ्यात बशीवर मारला, की नंतर भरलेला डिंक किंवा रंग वेगळाच चमकून उठतो. अलिबागच्या दमट हवेत असे डिंकाचे जोड फार दिवस टिकतही नाहीत.

आणि नजर तयार करायची असेल, तर फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात एक शनिवार घालवा. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेली चिनी भांडी तिथे आहेत. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे पारशी व्यापारी कँटनला जात. इथून कापूस आणि अफू जाई, तिथून चहा, रेशीम आणि ही भांडी येत. अफूचा पैसा कुणाच्या जिवावर आला, हेही बशीकडे बघताना विसरू नये. त्या काळातल्या घरांमधला माल आजही फिरत फिरत मटण स्ट्रीटच्या चोरबाजारात येतो. आधी म्युझियम, मग चोरबाजार, मग अलिबाग, हा क्रम ठेवलात तर पैसे वाचतील. चोरबाजारातली दुकानं शुक्रवारी बंद असतात, हेही लक्षात ठेवा.

विष दाखवणारी ताटली

दख्खनच्या दरबारांत हिरवट झिलईच्या चिनी ताटल्यांना मोठा मान होता. आज आपण त्यांना सेलाडॉन म्हणतो, तेव्हा ‘घोरी’ म्हणत. समजूत अशी होती, की घोरीत विषारी अन्न वाढलं तर ताटली तडकते किंवा रंग बदलते. किती सुलतान त्या भरवशावर निवांत जेवले असतील, देव जाणे!

आज गोष्ट उलटी झाली आहे. अन्नातलं विष ताटली दाखवत नाही, पण काही ताटल्यांचं विष अन्नात उतरू शकतं. हा भाग जरा गंभीरपणे वाचा.

नुसती निळी-पांढरी नक्षी असेल, तर तो कोबाल्टचा रंग झिलईच्या खाली असतो. वर काचेसारखा थर आणि सगळं मिळून प्रचंड उष्णतेत भाजलेलं. ही भांडी चांगल्या अवस्थेत असतील तर त्यातल्या त्यात निर्धोक. पण गुलाबी, हिरवी, पिवळी, सोनेरी अशी रंगीबेरंगी नक्षी बहुतेक वेळा झिलईच्या वर असते. ती सात-आठशे अंशांवर दुसऱ्यांदा भाजतात आणि तो रंग वितळून चिकटावा म्हणून जुन्या काळी त्यात शिसं वापरत. कँटनच्या ‘रोझ मेडॅलियन’ बश्या याच जातीच्या. फुलं, फुलपाखरं, सज्जात बसलेल्या बायका, दिसायला लाजवाब. बोट फिरवलं तर रंग हाताला किंचित उंच लागतो. ही ओळखायची सोपी खूण.

शिसं आंबट पदार्थात उतरतं. आणि कोकणचं जेवण म्हणजे आंबटाचा उत्सव! सोलकढी, आमसुलाचं सार, चिंचेची आमटी, लिंबू पिळलेली कोशिंबीर, लोणचं. यातलं काहीही रंगीत, जुन्या भांड्यात वाढायचं नाही. गरम आंबट तर नाहीच आणि रात्रभर भरून ठेवणं तर मुळीच नाही. घरात लहान मूल असेल किंवा कुणी गरोदर असेल, तर वरच्या रंगाची जुनी भांडी जेवणात वापरूच नका. लहानग्यांच्या मेंदूला शिशाची अगदी थोडी मात्राही बाधते. बाजारात मिळणाऱ्या टेस्ट किटने रंग बदलला तर ते भांडं बाद. नाही बदलला तरी तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका, शंका असेल तर लॅबमधून तपासून घ्या. मग या सुंदर बश्यांचं करायचं काय? सुकामेवा ठेवा, सालासकट फळं ठेवा, किंवा वर केळीच्या पानाचा गोल कापून त्यावर लाडू ठेवा.

पानात काय, बशीत काय

आता खरेदी. संपूर्ण सेटच्या मागे लागू नका. बारा जणांचा अखंड जुना सेट मिळणं अवघड आणि मिळाला तर परवडणं त्याहून अवघड. त्याऐवजी एक रंग पकडा. निळा-पांढरा हा सगळ्यात समजूतदार रंग. वेगवेगळ्या दशकांतल्या, वेगवेगळ्या नक्षीच्या सहा निळ्या-पांढऱ्या बश्या एका टेबलावर चुलत भावंडांसारख्या शोभतात. खाली साधं पांढरं नवं ताट, वर जुनी बशी, बाजूला आईकडची पितळी वाटी कल्हई करून. झालं टेबल तयार.

पहिली खरेदी म्हणून मी नेहमी ‘राइस ग्रेन’चे वाडगे सुचवते. भांडं कच्चं असताना त्याला तांदळाच्या दाण्याएवढी भोकं पाडतात, ती झिलईने भरतात आणि मग भाजतात. उजेडात धरलं की प्रत्येक दाणा दिव्यासारखा उजळतो. गेल्या शतकात हे वाडगे मोठ्या संख्येने निर्यात झाले, त्यामुळे आजही सापडतात. साधा भात, वर पिवळं वरण, तुपाची धार. वाडग्याला याहून काय हवं? फक्त आतून सोनेरी किंवा लाल रंग काढलेले नकोत, निळ्या काठाचेच घ्या.

दुसरी खरेदी, एक मोठी लांबट ताटली. तळलेल्या सुरमईच्या तुकड्या, अख्खं भरलेलं पापलेट किंवा शाकाहारींसाठी उकडीचे मोदक, सगळ्यांना ती न्याय देते. तिसरी, झाकणाचं एक भांडं, आमटीसाठी नव्हे तर भातासाठी. एवढ्यावर थांबा आणि वर्षभर वापरून बघा.

वाढताना तीन गोष्टी सांभाळा. एक, हळद. ज्या झिलईवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा पडल्या आहेत, तिथे हळदीचं तेल शिरलं की कायमचं घर करतं. दोन, एकदम उष्णता. फ्रिजमधून काढलेल्या भांड्यात उकळती आमटी ओतू नका. आधी कोमट पाण्याने त्याला जागं करा. तीन, मायक्रोवेव्ह आणि डिशवॉशर दोन्ही वर्ज्य, सोनेरी काठ असेल तर दुप्पट वर्ज्य. सिंकमध्ये जाड टॉवेल अंथरा, कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ फडकं. तारेची घासणी आणि पितळेची पावडर जवळही येऊ देऊ नका. आणि अलिबागहून आणताना बश्या एकावर एक आडव्या रचू नका. जुन्या सुती साडीच्या पट्ट्यांत गुंडाळून खोक्यात उभ्या ठेवा, पुस्तकांसारख्या. बोट कितीही हलली तरी सुखरूप पोचतील.

सगळ्यांना एकच कप

शेवटची कसोटी बशीची नाही, आपली.

माझी आत्या चौलची. तिच्या सासरी पंगत केळीच्या पानावर, भांडी पितळेची. चिनी मातीला स्वयंपाकघरात दोनच जागा होत्या, लोणच्याची बरणी आणि चहाची कपबशी. देवाच्या कामाला ती चालत नसे. आपल्यापैकी बहुतेकांच्या आजोळी असंच असणार. पण कपबशीची आणखी एक जागा होती, तिच्याबद्दल घरात कुणी फारसं बोलत नाही. महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत ओसरीच्या वळचणीला एक कानतुटका कप वेगळा ठेवलेला असे. दलित माणूस कामाला आला, की त्याला त्यात चहा वरून ओतायचा. त्याने प्यायचा, त्यानेच धुवायचा आणि पुन्हा तिथेच ठेवायचा. याच रायगड जिल्ह्यात महाडला १९२७ साली बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. पुढे संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता संपवली आणि १९५५च्या कायद्याने हॉटेलातली भांडी वापरायला कुणाला मनाई करणं हा गुन्हा ठरवला.

वळचणीचा कप गेला म्हणता? आपल्या चकाचक किचनमध्ये ओट्याच्या कोपऱ्यात पालथा घातलेला एक स्टीलचा पेला बघा. कामवाल्या ताईंचा. ड्रायव्हरदादांसाठी कागदी कप. कुणी मुद्दाम ठरवलेलं नसतं, ‘आपलं चालत आलंय’ एवढंच. हौसेने आणलेल्या कपांना तर मग आणखी एक सबब मिळते, ‘अहो, जुने आहेत, तुटतील.’ तुटायचे तर आपल्या हातूनही तुटतील. जास्त शक्यता तीच आहे, कारण भांडी घासायचा सराव त्यांना आहे, आपल्याला नाही.

म्हणून खरेदी करताना मी आता मोजून घेते. घरात जेवणारी माणसं, येणारे पाहुणे आणि घरात काम करणारी माणसं, सगळे धरून कप हवेत. तेवढे परवडत नसतील तर कमी जुने, जास्त साधे घ्या. पण टेबलावर जे मांडाल ते सगळ्यांसाठी मांडा. सातशे-आठशे वर्षांपूर्वी चौलच्या धक्क्यावर गुजराती, अरब, कोकणी अशा नाना हातांतून हा माल उतरला. त्याला एका हाताचं वावडं कसं असेल?

तेव्हा या वीकएण्डला बशी बघा, वाजवा, उलटी करा, उजेडात धरा. मनात भरली तर घेऊन या. आणि सोमवारी सकाळी ताई आल्या, की पहिला चहा नव्या-जुन्या कपात दोघांनी मिळून घ्या. सोबत खारी चालेल!